पाकीट क्रमांक सतरा

हिरव्या ताडपत्रीचा तंबू. आत एक टेबल,
दोन पाकिटं, दहा-दहा शिलिंगची दहा नाणी.
बाहेर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत
लोइताच्या डोंगरातली माणसं ओळीने बसलेली.
मी बोलतो, शाळेतली रेसियातो तेच मासाईत सांगते :
हवी तेवढी ठेवा, उरलेली दुसऱ्या पाकिटात टाका.
ती कुणा अनोळख्याला जातील.
तो कोण, तुम्हाला कळणार नाही.
तुम्ही कोण, त्याला.
आत कुणीही बघत नाही.

शेवटच्या वाक्याला माणसं हसतात.
कुणी बघत नाही अशी जागा
इथे अजून कुणी पाहिलेली नाही.

माझ्याकडे याचं शिकलेलं उत्तर आहे.
लाखो वर्षं माणूस एकटा नव्हताच.
जाळाभोवती वीस-पंचवीस तोंडं,
कुणी मांस वाटलं, कुणी पानाखाली दडवलं,
उजाडेपर्यंत सगळ्यांना ठाऊक.
माणूस मागून चालायचा,
त्याचं नाव पुढच्या पाणवठ्यावर आधीच पोचलेलं.
ज्यांना नावाची चाड नव्हती
त्यांची पोरं वाईट दिवसांत कुणी जवळ केली नाहीत.
आपण बाकीच्यांचे वंशज,
म्हणून रिकाम्या तंबूतसुद्धा
एकदा मान मागे वळते.

मग पार्मुआत आला. वय त्यालाही नक्की माहीत नाही.
नाण्यांकडे न बघता त्याने मलाच विचारलं :
ज्याला द्यायचं त्याची किती गुरं मेली?
माहीत नाही.
किती लागतायत त्याला?
माहीत नाही.
मागायला आला होता?
नाही आजोबा, तो मागत नाही.
त्याने तपकिरीची चिमूट नाकात ओढली,
माझ्याकडे बघितलं, आजारी वासराकडे बघावं तसं,
आणि दहाच्या दहा नाणी कनवटीला लावली.

मी वहीत लिहिलं : सतरा. शून्य.
रकान्याच्या वर छापलेलं होतं : औदार्य.

रात्री चहाला उकळी येता येता रेसियातो म्हणाली,
त्या कोरड्या वर्षी याची बावीस गुरं बसली
ती उठलीच नाहीत.
तीन दिवस चालून हा सांकाउकडे गेला,
एक शब्द बोलला, ओसोतुआ,
आणि एक दुभती गाय मागितली.
दोन नाही. दोन लागत नव्हत्या.
सांकाउने एक दिली.
ओसोतुआ म्हणजे नाळ.
तिचा हिशेब मांडला की नाळ उरत नाही, दावं होतं.

मी म्हटलं, माझ्या भाषेत
हाताने दिलेलं तेही देणं,
आणि फेडायचं राहिलेलं तेही देणंच.
मग तुम्ही ओळखता कसं? तिने विचारलं.
मी कप धुवायला उठलो.

चौथ्या पहाटे सांकाउचा नातू आला,
पायांत टायरच्या चपला, गुडघ्यापर्यंत धूळ.
काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.
पार्मुआत काटेरी कुंपणाआड गेला,
कपाळावर पांढरा चट्टा असलेली कालवड घेऊन आला,
तिच्या पाठीवर आशीर्वादाचं थुंकला
आणि दोर पोराच्या हातात दिला.
बायका भिंतीला शेण लावत होत्या, लावत राहिल्या.
कुणी वाहवा केली नाही.
हात आखडता घेतला असता
तर चार डोंगरांपलीकडे नाव ठेवलं असतं.

वहीत सतरासमोर शून्य होतं.
खोडरबर खिशात होतं.
दोन्ही तिथेच राहिली.

शेवटच्या रात्री, तंबू उतरवायच्या आधी,
मी एकटाच आत बसलो,
स्वतःच्या पगारातली दहा नाणी घेऊन.
कुणी नव्हतं. लांबवर एक तरस.
सहा मला. चार पाकिटात.
पाकीट चिकटवलं.
बाहेर रेसियातो चूल विझवत होती.
तिला ऐकू जाईल इतपत
मी उगाच खाकरलो.